टर्बो गाडीतील बूस्ट कंट्रोलर : निवड, जोडणी आणि पठारावरची हवा

टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात हवा किती दाबाने शिरावी हे ठरवणारे साधन म्हणजे बूस्ट कंट्रोलर. एक्झॉस्टच्या तप्त वायूंवर टर्बाइन फिरते आणि त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढून दाबाखाली इंजिनात ढकलतो. हवा जास्त गेली की इंधनही जास्त जाळता येते आणि लहान इंजिनाकडून मोठ्या इंजिनाइतकी ताकद मिळते. मात्र ताकद वाढली की एक्झॉस्ट वाढतो, टर्बाइन आणखी वेग घेते आणि आणखी हवा येते. या चक्राला लगाम नसेल तर टर्बो किंवा इंजिन यांपैकी एक निकामी होते.

हा लगाम म्हणजे वेस्टगेट. टर्बाइनच्या आधी असलेली ही झडप उघडली की एक्झॉस्टचा काही भाग टर्बाइनला वळसा घालून थेट सायलेन्सरकडे जातो. झडप हलवणाऱ्या ॲक्च्युएटरच्या डबीत रबरी पडदा आणि स्प्रिंग असते. कॉम्प्रेसरकडून आलेल्या बारीक नळीतला दाब स्प्रिंगवर मात करू लागला की दांडी सरकते आणि झडप उघडते. स्प्रिंग ०.५ बारची असेल, तर बूस्ट साधारण तिथेच अडतो.

बूस्ट कंट्रोलर बसतो तो याच नळीत. डबीपर्यंत पोचणारा दाब तो कमी करतो किंवा काही काळ अडवून धरतो, त्यामुळे झडप उशिरा उघडते आणि बूस्ट वर जातो. यातून दोन मर्यादा आपोआप ठरतात. स्प्रिंगच्या दाबापेक्षा कमी बूस्ट कोणत्याही कंट्रोलरला ठेवता येत नाही. तसेच टर्बोच्या मूळ कुवतीबाहेरची हवाही त्याला निर्माण करता येत नाही. कारखान्याने इंजिन, टर्बो आणि इंधन यांच्यात राखलेल्या सुरक्षित अंतरापैकी किती वापरायचे, एवढेच कंट्रोलरच्या हाती असते. ते अंतर गाडीगणिक वेगळे असते आणि हवामानागणिकही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यासारख्या पठारावरच्या, उन्हाळ्यात तापणाऱ्या आणि धुळीच्या भागात ते परदेशी माहितीपत्रकांत गृहीत धरलेल्यापेक्षा कमी भरते.

थोडा इतिहास

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने एक्झॉस्टच्या ऊर्जेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरचे पेटंट १९०५ साली घेतले. पुढची अनेक दशके ही युक्ती जहाजे, विमाने आणि मोठ्या डिझेल इंजिनांपुरती राहिली. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबाइल जेटफायर ही टर्बो मोटार विक्रीला आली. तिच्या इंजिनात नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप पेटून बसणारा ठोका, होऊ नये म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण फवारले जाई. त्याची टाकी भरायला मालक विसरत आणि गाडीची ताकद गळे. पेट्रोल इंजिनात बूस्टची खरी सीमा नॉकिंग ठरवते, हे या गाडीने बाजारात दाखवून दिले.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या साब कंपनीने एपीसी ही प्रणाली आणली. इंजिनावरच्या सेन्सरला नॉकिंगची चाहूल लागली की विजेवर चालणारी सोलेनॉइड झडप वेस्टगेटच्या नळीतला दाब बदलून बूस्ट खाली आणे. आजच्या इलेक्ट्रॉनिक बूस्ट नियंत्रणाचा पाया हाच.

स्पर्धांच्या जगानेही हा प्रश्न दोन बाजूंनी हाताळला. फॉर्म्युला वनने १९८७ साली ठरावीक दाबाला उघडणारी पॉप-ऑफ झडप सक्तीची करून इंजिनात जाणाऱ्या हवेचा एकूण दाब ४ बारवर आणि १९८८ साली २.५ बारवर आणला. १९८९ पासून त्या काळातल्या टर्बोंवर बंदीच आली. जागतिक रॅलीत दाबाऐवजी टर्बोच्या तोंडाशी ठरावीक व्यासाचा रिस्ट्रिक्टर लावून हवेवर मर्यादा घातली गेली. १९९५ च्या स्पेनमधील रॅलीत टोयोटाच्या सेलिका गाड्यांवर या रिस्ट्रिक्टरला बगल देणारी चलाख रचना सापडली आणि संघाला बारा महिने बंदी झाली.

पठारावरची हवा

पारनेरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. समुद्रकिनारी हवेचा दाब १.०१ बार असतो, तर या उंचीवर प्रमाणित वातावरणात तो ०.९३ बारच्या आसपास येतो. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाला इथे त्याच तापमानाला सुमारे ८ टक्के हवा कमी मिळते. टर्बो इंजिनाला ही उणीव भरून काढता येते, पण त्याची किंमत टर्बोला जास्त फिरून मोजावी लागते.

बूस्टचा काटा सभोवतालच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाब दाखवतो. इंजिनाला भेटतो तो एकूण, म्हणजे निरपेक्ष दाब. टर्बोवरचा भार मात्र या दोहोंवर नाही, तर दाबाच्या गुणोत्तरावर ठरतो. कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या हवेच्या निरपेक्ष दाबाला आत येणाऱ्या हवेच्या दाबाने भागले की हे गुणोत्तर मिळते.

पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरवरून आळेफाटा आणि माळशेज घाटमार्गे कल्याणला उतरणाऱ्या गाडीचे उदाहरण यासाठी सोयीचे आहे. काट्यावर ०.८ बार बूस्ट असेल, तर कल्याणला निरपेक्ष दाब १.८१ बार आणि गुणोत्तर १.७९ येते. पारनेरला त्याच काट्यावर निरपेक्ष दाब १.७३ बार राहतो, पण गुणोत्तर १.८६ होते. म्हणजे पठारावर इंजिनाला हवा कमी मिळते आणि तरीही टर्बो जास्त राबतो. ही तूट भरायला मालकाने बूस्ट ०.८८ बारवर नेला की गुणोत्तर १.९५ च्या घरात जाते. हीच गाडी कंट्रोलरचा पेच न फिरवता कल्याणला उतरली, तर निरपेक्ष दाब १.८९ बारवर पोचतो. पठारावर नॉकिंगच्या उंबरठ्यापर्यंत आणलेले इंजिन कोकणपट्टीत तो उंबरठा ओलांडू शकते. म्हणून स्प्रिंग आणि पेचावर चालणारा कंट्रोलर पठारावर जुळवला, तरी त्याची कसोटी घाटाखालच्या दाबाला लागू करूनच घ्यावी लागते. निरपेक्ष दाब मोजून चालणाऱ्या प्रणालीत ही अडचण नसते. मात्र घाट चढून आल्यावर तीच प्रणाली टर्बोला आपोआप जास्त वेगाने फिरवते आणि त्यासाठी टर्बोत कुवत शिल्लक असावी लागते.

उष्णतेचा हिशोबही असाच कडक आहे. हवा दाबली की तापते. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर मे महिन्यातल्या ४० अंश सेल्सिअसच्या हवेला १.८६ या गुणोत्तराने दाबल्यावर ती सुमारे १२७ अंशांपर्यंत जाते. जानेवारीच्या पहाटे १२ अंशांची हवा त्याच गुणोत्तरावर ९१ अंशांच्या आसपास राहते. इंटरकूलर ही उष्णता बाहेर टाकतो, पण त्यालाही थंड करायला बाहेरची तीच तापलेली हवा मिळते. थंडीच्या सकाळी निर्धोक वाटलेला बूस्ट एप्रिलच्या दुपारी, गाडी भरलेली असताना घाट चढताना, नॉकिंग सुरू करू शकतो.

तिसरी गोष्ट धूळ. पर्जन्यछायेतल्या या तालुक्यात वर्षाचा मोठा काळ कोरडा असतो. एअर फिल्टर तुंबला की कॉम्प्रेसरच्या तोंडाशी दाब आणखी घटतो आणि गुणोत्तर वाढते. फिल्टर उघडा ठेवला किंवा निकृष्ट दर्जाचा लावला तर सूक्ष्म माती कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा झिजवते. बूस्ट वाढवलेल्या गाडीत फिल्टर वेळापत्रकाच्या आधीच बदलावा लागतो.

चौथी गोष्ट इंधन. देशात विकल्या जाणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये आता सुमारे २० टक्के इथेनॉल मिसळले जाते. त्यातला काही वाटा अहिल्यानगरसारख्या ऊसपट्ट्यातल्या कारखान्यांच्या आसवन्यांतून येतो. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो आणि बाष्पीभवनात ते सिलिंडरमधली हवा थंड करते, त्यामुळे नॉकिंगला आळा बसतो. पण पूर्ण ज्वलनासाठी शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, तर या मिश्रणाला सुमारे १३.५ पट. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त फवारावे लागते आणि इंजेक्टर व इंधनपंप त्यांच्या मर्यादेजवळ लवकर पोचतात. ९५, ९९ किंवा १०० ऑक्टेनचे महागडे पेट्रोल मोठ्या शहरांतल्या निवडक पंपांवर मिळते. पुण्यात भरलेल्या अशा टाकीवर जुळवलेली गाडी तालुक्याच्या पंपावर साधे पेट्रोल घेणार असेल, तर बूस्ट साध्या पेट्रोलवरच जुळवायला हवा.

कंट्रोलरचे प्रकार

सर्वांत साधा प्रकार गळतीचा. ॲक्च्युएटरच्या नळीला फाटा काढून त्यावर बारीक झडप बसवतात आणि थोडी हवा सतत बाहेर सोडतात. तो स्वस्त असतो, पण झडप हळूहळू उघडत जात असल्याने बूस्ट यायला वेळ लागतो आणि आकडा इंजिनाच्या वेगाबरोबर डळमळतो.

दुसरा प्रकार गोळी आणि स्प्रिंगचा. छोट्या नळकांड्यात स्प्रिंगने दाबून धरलेली गोळी ठरावीक दाब येईपर्यंत डबीकडचा रस्ता बंद ठेवते. तोपर्यंत वेस्टगेट पूर्ण मिटलेले राहते आणि बूस्ट झपाट्याने येतो. पेच आत फिरवला की बूस्ट वाढतो. नळकांड्याला पाडलेले सूक्ष्म छिद्र डबीतला दाब उतरायला असते. ते बुजले तर वेस्टगेट वेळेवर मिटत नाही आणि पुढचा पिकअप मंदावतो. वीज, तारा आणि संगणक यांचा संबंध नसल्याने जुन्या गाड्यांत हा प्रकार आजही चालतो.

तिसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक. तीन तोंडांची सोलेनॉइड झडप सेकंदाला वीस-तीसदा उघडझाप करते आणि दर उघडझापेत ती किती वेळ चालू राहते यावरून डबीला किती दाब मिळेल ते ठरते. कंट्रोलर आधी भरलेल्या आकड्यांप्रमाणेच झडप चालवत असेल, तर त्याला खुली नियंत्रणपद्धती म्हणतात. सेन्सरवरून प्रत्यक्ष बूस्ट वाचून तो दर क्षणी दुरुस्ती करत असेल, तर ती बंदिस्त पद्धती. बंदिस्त पद्धतीत उन्हाळा-हिवाळा, चढ-उतार आणि गिअर यांतले फरक बरेचसे आपोआप सांभाळले जातात. गिअरप्रमाणे किंवा थ्रॉटलप्रमाणे वेगळा बूस्ट ठेवणे आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की सोलेनॉइड बंद करून स्प्रिंगच्या दाबावर परतणे, या सोयीही बहुधा त्यातच मिळतात.

चौथा प्रकार गाडीच्या ईसीयूतच, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातच असतो. गेल्या दोन-अडीच दशकांतल्या बहुतेक टर्बो पेट्रोल गाड्यांत कारखान्यातूनच सोलेनॉइड किंवा विजेवर चालणारा ॲक्च्युएटर येतो. ईसीयू चालकाने मागितलेल्या टॉर्कवरून हवेचा आणि बूस्टचा हिशोब मांडते. अशा गाडीत बूस्ट बदलायचा मार्ग म्हणजे ईसीयूचे आकडे बदलणे, ज्याला गॅरेजांत रिमॅप म्हणतात. तिथे बाहेरचा कंट्रोलर घुसडला की ईसीयूला अपेक्षेबाहेरचा दाब दिसतो. मग ती इंधन तोडते किंवा थ्रॉटल मिटते, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे ताकद तोडलेल्या बचावस्थितीत जाते. हे टाळायला दाबाच्या सेन्सरचा संदेश खोटा करणारी उपकरणे विकली जातात. त्यांच्यामुळे ईसीयूला इंजिनात शिरलेली खरी हवा कळत नाही, त्यामुळे इंधन आणि स्पार्क दोन्ही चुकतात.

कोणत्या गाडीला काय

पारनेरला लागून असलेल्या शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या कारखान्यात फियाटच्या टर्बो गाड्या बनल्या आणि या प्रश्नाचे जवळचे उदाहरण त्यांतच सापडते. लिनिया टी-जेटमध्ये १३६८ सीसीचे टर्बो पेट्रोल इंजिन ११४ पीएस ताकद देत असे. २०१५ साली आलेल्या अबार्थ पुंटोत त्याच घराण्याचे इंजिन १४५ अश्वशक्तीपर्यंत नेले होते. एकाच इंजिनातून कंपनीने दोन वेगळी उत्तरे काढली, पण दुसरे केवळ नळीतला पेच फिरवून आलेले नव्हते. बूस्टबरोबर ईसीयूचे आकडे, सस्पेन्शन, ब्रेक आणि टायर यांचाही विचार त्यात झाला होता. या गाड्या आता जुन्या झाल्या आहेत. त्यांच्यात कंट्रोलरपेक्षा आधी होज, इंटरकूलरचे जोड आणि ॲक्च्युएटर तपासणे फायद्याचे असते, कारण हरवलेल्या बूस्टचा मोठा भाग तिथेच सापडतो.

चाकणच्या कारखान्यातून येणाऱ्या फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या १.० टीएसआय इंजिनांत वेस्टगेट थेट विजेच्या मोटरने हलते. हवेच्या दाबावर चालणारी डबीच नसल्याने तिथे नळीतला कंट्रोलर जोडायला जागाच उरत नाही. अशा लहान, थेट इंधन फवारणाऱ्या इंजिनांना आणखी एक धोका असतो. इंजिनाचा वेग कमी असताना बूस्ट फार चढवला, तर स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटून दाबाचा जबर धक्का बसतो आणि पिस्टनची भिंत तुटू शकते. म्हणून या इंजिनांच्या रिमॅपमध्ये २५०० आरपीएमखालचा टॉर्क आवरता ठेवणे हा शहाणपणाचा नियम आहे.

ग्रामीण भागात टर्बो म्हटले की डोळ्यांसमोर बहुधा डिझेल येते : बोलेरो, स्कॉर्पिओ, पिकअप आणि मोठे ट्रॅक्टर. डिझेलमध्ये ताकद इंधनाच्या मात्रेवर ठरते आणि हवा मुळातच जास्त असते. त्यामुळे नुसता बूस्ट वाढवून फारसे काही मिळत नाही. फियाटच्या १.३ मल्टिजेटच्या ७५ पीएस रूपात वेस्टगेटचा साधा टर्बो होता, तर ९० पीएस रूपात पाती हलवणारा, म्हणजे व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो. दुसऱ्या प्रकारात सहसा वेस्टगेट नसतेच. टर्बाइनभोवतीची पाती मिटली की बूस्ट वाढतो, पण एक्झॉस्टचा उलटा दाबही वाढतो. पाती हलवणाऱ्या व्हॅक्यूमच्या दांडीचा आटा फिरवून बूस्ट वाढवण्याची जुगाडू रीत म्हणूनच घातक ठरते. टर्बो मर्यादेपलीकडे फिरतो आणि इंजिन गुदमरते. इंधन वाढवून हवा अपुरी पडली तर काळा धूर निघतो, एक्झॉस्ट तापतो आणि बीएस-६ गाडीचा काजळीचा फिल्टर लवकर भरतो. डिझेलवाल्यासाठी कंट्रोलर हा बहुतेक वेळा चुकीचा प्रश्न असतो.

बाहेरचा कंट्रोलर खरोखर जागी बसतो तो मोजक्या ठिकाणी. वेस्टगेट हवेच्या दाबावर चालणारे जुने पेट्रोल इंजिन, स्वतंत्र प्रोग्रॅम करता येणारी ईसीयू लावलेली प्रकल्पगाडी आणि स्पर्धेसाठी बांधलेली गाडी. मूळ स्प्रिंगच्या साधारण दुप्पट दाबापर्यंत नियंत्रण नीट राहते. त्यापुढे जायचे असेल तर आधी कडक स्प्रिंग घ्यावी, असा प्रघात आहे.

जोडणीपूर्वीची तपासणी

सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन सारखे आहे का, हे आधी पाहावे. एका सिलिंडरची रिंग थकलेली असेल तर बूस्ट तिचाच पहिला बळी घेतो. मग टर्बोच्या तोंडापासून इनटेक मॅनिफोल्डपर्यंतची वाट बंद करून तिच्यात कॉम्प्रेसरची हवा हळूहळू भरावी आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून गळती शोधावी. गळणाऱ्या पाइपावर बूस्ट वाढवला तर काट्यावरचा आकडा गाठण्यासाठी टर्बोला ठरल्यापेक्षा किती तरी जास्त फिरावे लागते.

हातपंप आणि दाबाचा काटा लावून ॲक्च्युएटरची दांडी कोणत्या दाबाला हलायला लागते हे नोंदवावे. हाच या गाडीचा किमान बूस्ट. टर्बोच्या दांड्याला खेळ आहे का आणि पाइपांत तेल साचले आहे का तेही पाहावे. पेट्रोल गाडीत बूस्ट लक्षणीय वाढवायचा असेल तर एक पायरी थंड जातीचे स्पार्क प्लग घेऊन त्यांची फट थोडी कमी करतात, कारण जास्त दाबाखाली स्पार्क विझू शकतो. क्लच मूळ टॉर्कसाठी बनलेला असतो. चढावर तो सटकू लागला तर वाढलेली ताकद चाकांपर्यंत पोचतच नाही.

मोजमापाची साधने कंट्रोलरच्या आधी बसवावीत. विश्वासार्ह बूस्ट काटा, हवा-इंधनाचे प्रमाण मोजणारा वाइडबँड लॅम्डा सेन्सर आणि ओबीडीवरून नॉकिंग, स्पार्क व आत येणाऱ्या हवेचे तापमान नोंदवण्याची सोय, एवढे नसेल तर पेच फिरवणे म्हणजे आंधळी कोशिंबीर.

प्रत्यक्ष जोडणी

दाबाची नळी कॉम्प्रेसरच्या बाहेर पडणाऱ्या तोंडावरून घेणे सर्वांत सोयीचे. तिथे दाब लवकर कळतो आणि टर्बोचे रक्षण होते. इनटेक मॅनिफोल्डवरून घेतली तर इंटरकूलरमधली घट हिशोबात येते, पण कमी थ्रॉटलला तिथे व्हॅक्यूम असतो. दाबाचा सेन्सर, इंधनाचा रेग्युलेटर किंवा ब्रेकचा बूस्टर यांच्या नळीला फाटा काढणे टाळावे.

गोळी-स्प्रिंगच्या कंट्रोलरवर हवेची दिशा दाखवणारा बाण असतो. गोळीची बाजू दाबाकडे आणि पेचाची बाजू ॲक्च्युएटरकडे येते. तीन तोंडांच्या सोलेनॉइडमध्ये एक तोंड दाबाकडे, एक डबीकडे आणि एक मोकळ्या हवेकडे किंवा फिल्टरनंतरच्या पाइपाकडे जाते. जोडणी अशी हवी की वीज गेली तर दाब सरळ डबीत जाईल आणि बूस्ट किमान पातळीवर उतरेल. ही जोडणी उलटी झाली तर फ्यूज उडताच बूस्ट अमर्याद होतो. म्हणून वायरिंग पूर्ण झाल्यावर सोलेनॉइडचा प्लग काढून, हलक्या थ्रॉटलने बूस्ट स्प्रिंगच्या पातळीवरच थांबतो का, ही पहिली खात्री करावी.

नळ्या सिलिकॉनच्या, जाड भिंतीच्या आणि शक्य तितक्या आखूड असाव्यात. एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून त्या दूर ठेवाव्यात आणि प्रत्येक टोकाला क्लिप लावावी. डबीकडची नळी निसटली तर वेस्टगेट कधीच उघडत नाही आणि काही सेकंदांत इंजिन जाऊ शकते. एवढ्या मोठ्या नुकसानीला एवढे क्षुल्लक कारण गाडीत दुसरे क्वचितच सापडते. सोलेनॉइड इंजिनावर न लावता बॉडीवर, तोंडे खाली करून लावावे, म्हणजे कंप, उष्णता आणि पाणी यांपासून ते वाचते. मोकळ्या तोंडाला धुळीसाठी छोटा फिल्टर लावणे कोरड्या भागात अत्यावश्यक आहे.

वीज इग्निशन चालू असतानाच मिळणाऱ्या तारेवरून, स्वतंत्र फ्यूजमधून घ्यावी. अर्थिंग बॉडीच्या स्वच्छ धातूवर द्यावे. तारा पिळून टेप गुंडाळण्याऐवजी क्रिम्प किंवा सोल्डर करून त्यांवर आवरण चढवावे. केबिनमध्ये जाणारी तार आणि नळी रबरी ग्रॉमेटमधून न्यावी.

जुळवणी

सुरुवात नेहमी किमान बूस्टवर करावी. तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरला, पूर्ण थ्रॉटलवर, कमी आरपीएमपासून वरपर्यंत एक फेरी घेऊन नोंदी पाहाव्यात. मग ०.०५ बारच्या पायऱ्यांनी वर जावे आणि प्रत्येक पायरीनंतर मिश्रण, नॉकिंग, हवेचे तापमान आणि टोकाच्या वेगावरचा बूस्ट तपासावा. पूर्ण भाराला पेट्रोल इंजिनाचा लॅम्डा (प्रत्यक्ष हवा-इंधन प्रमाण भागिले पूर्ण ज्वलनाला लागणारे प्रमाण) साधारण ०.८० ते ०.८५ असावा. बूस्ट वाढवूनही ताकद वाढत नसेल, किंवा ईसीयू स्पार्क मागे खेचत असेल, तर टर्बो गरम हवा फुंकत आहे असे समजावे आणि एक पायरी खाली यावे.

ही जुळवणी सुपे परिसरातल्या अहिल्यानगर-पुणे महामार्गावर करायची नसते. रोलर डायनो हीच तिची जागा आणि ती सोय पुण्यात मिळते. डायनोच्या कागदावरचा आकडा वाचतानाही उंची लक्षात ठेवावी. हवामानाची दुरुस्ती करणारी सूत्रे मुख्यतः साध्या इंजिनांसाठी आहेत. टर्बो गाडीने उंचीची तूट आधीच बरीचशी भरून काढलेली असताना पुन्हा ती दुरुस्ती लावली, तर ताकद कागदावरच फुगते.

इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरमध्ये आधी सोलेनॉइडचा मूळ आकडा ठरवावा, मग दुरुस्तीची तीव्रता. तीव्रता फार ठेवली तर बूस्ट झुलू लागतो आणि फार कमी ठेवली तर लक्ष्य उशिरा गाठले जाते. धोक्याची मर्यादा लक्ष्याच्या ०.१५ ते ०.२ बार वर ठेवून ती ओलांडताच बूस्ट स्प्रिंगवर यावा अशी सोय ठेवावी. शेवटची चाचणी उन्हाळ्याच्या दुपारी, गाडी भरून, लांब चढावर घ्यावी.

दोष आणि त्यांची कारणे

गिअर बदलल्याबरोबर बूस्ट क्षणभर लक्ष्याच्या वर उडी मारत असेल, तर झडप उशिरा उघडते आहे. नळी आखूड करावी किंवा पेच सैल करावा. आरपीएमबरोबर बूस्ट सतत चढत राहिला, तर वेस्टगेटचे भोक एक्झॉस्टला पुरत नाही. कंट्रोलर काढून टाकला तरी असा बूस्ट चढतोच आणि मोकळा सायलेन्सर लावलेल्या गाडीत तो जास्त दिसतो. वरच्या आरपीएमवर बूस्ट गळत असेल, तर स्प्रिंग दुबळी आहे किंवा टर्बोची कुवत संपली आहे. तिथे कंट्रोलर आणखी वाढवणे म्हणजे टर्बोचे आयुष्य कमी करणे. लक्ष्य कधीच गाठले जात नसेल तर पाइपगळती, फाटलेला पडदा किंवा अडकलेली वेस्टगेटची कडी शोधावी. थ्रॉटल सोडताना फडफड ऐकू येत असेल, तर हवा कॉम्प्रेसरकडे उलटी वळते आहे आणि दाब सोडणारी झडप तपासायला हवी.

कायदा, विमा आणि प्रदूषण

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मधील एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कंपनीने इंजिनाची ताकद आणि धूर यांची चाचणी मूळ बूस्टवर करून घेतलेली असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ खाली अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांत पुण्याची एआरएआय आहे आणि अहिल्यानगरजवळची संरक्षण खात्याची व्हीआरडीई आहे. बूस्ट वाढवलेली गाडी त्या प्रमाणपत्रातली गाडी राहत नाही.

विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यात अडथळा ठरू शकतो आणि कंपनीची वॉरंटीही बहुधा संपते. मूळ मर्यादेबाहेर नेलेली गाडी कायदेशीरपणे चालवण्याची जागा म्हणजे बंद ट्रॅक. तिथे देशातल्या मोटार स्पर्धांची संघटना असलेल्या एफएमएससीआयच्या मान्यतेने होणाऱ्या स्पर्धांत प्रत्येक वर्गाचे टर्बो आणि इंजिनाचे नियम आधीच छापलेले असतात आणि कंट्रोलरची निवड त्या नियमांपासूनच सुरू होते.

रस्त्यावरच्या गाडीसाठी यातून क्रम स्पष्ट होतो. आधी गळती, फिल्टर, प्लग आणि ॲक्च्युएटर यांची तपासणी. मग कारखान्याने ठरवलेला मूळ बूस्ट पूर्ण मिळतो का याची खात्री. बहुतेक गाड्यांत हरवलेला पिकअप इथेच परत येतो. त्यानंतरही बदल हवाच असेल, तर ईसीयूवर चालणाऱ्या गाडीत तो ईसीयूतूनच आणि हवेच्या दाबावर चालणाऱ्या जुन्या गाडीत वीज जाताच बूस्ट खाली येईल अशा कंट्रोलरने. दोन्हींत मर्यादा ठरवावी ती साध्या पेट्रोलवर, मे महिन्याच्या उन्हात आणि घाटाखालच्या दाबाला.